मत देणाऱ्याचे ऋण

कादंबरीकाराने आपल्या काळातील पुस्तकांविषयी आणि चित्रपटांविषयी जाहीर मत द्यावे की देऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. व्यावसायिक समीक्षकाकडून वाचक तटस्थतेची अपेक्षा ठेवतो आणि ती पूर्ण झाली नाही तर त्याला जाब विचारू शकतो. कादंबरीकाराच्या बाबतीत ही अपेक्षा धरणेच अवघड आहे. तो स्वतः त्याच बाजारात आपला माल मांडून बसलेला असतो. ज्याच्या पुस्तकाविषयी तो लिहितो तो त्याचा स्पर्धक असतो, स्नेही असतो, कधी त्याचा प्रकाशकही असतो. आणि ज्या चित्रसंस्थेच्या चित्रपटाविषयी तो लिहितो तीच उद्या त्याच्या कादंबरीचे हक्क विकत घेण्याची शक्यता असते. अशा माणसाचे मत 'स्वतंत्र' आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणत असतो?

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त कारयित्री आणि भावयित्री अशा दोन प्रतिभा मानल्या, आणि कवी व भावक एकाच ठिकाणी नांदू शकतात काय, याचीही चर्चा केली. भावकांचे त्याने चार प्रकार नोंदवले: काहीच न रुचणारा अरोचकी, गवतासकट सारे गिळणारा सतृणाभ्यवहारी, दुसऱ्याचा गुण न साहणारा मत्सरी, आणि तत्त्वाचा ध्यास घेणारा तत्त्वाभिनिवेशी. हे चौघेही एकाच लेखकात, एकाच आठवड्यात आढळू शकतात, ही शक्यता मात्र त्या वर्गीकरणात बसत नाही. नियतकालिकाला दर आठवड्याला मजकूर पुरवणाऱ्या माणसाची मनःस्थिती दहाव्या शतकात कोणाला ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

या प्रश्नाची जवळजवळ सर्व अंगे ज्याच्या आयुष्यात एकत्र सापडतात असा विसाव्या शतकातील कादंबरीकार म्हणजे ग्रॅहम ग्रीन (१९०४–१९९१). १९३५ च्या उन्हाळ्यात ते लंडनच्या 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात चित्रपटांवर लिहू लागले तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. १९४० पर्यंत त्यांनी चारशेहून अधिक चित्रपटांविषयी लिहिले. आणि त्याच काळात 'ब्रायटन रॉक' (१९३८) व 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९४०) या कादंबऱ्याही लिहून झाल्या. चित्रपटाकडे तुच्छतेने पाहणाऱ्या साहित्यिकांपैकी ते नव्हते. चित्रपट हा सामान्य जनांचा कलाप्रकार आहे आणि म्हणूनच त्याने लोकांशी प्रामाणिक राहिले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या परीक्षणांतील तिखटपणा या अपेक्षाभंगातून येतो. हिचकॉकसारख्या दिग्दर्शकाविषयीही ते सतत कुरकुरत राहिले, आणि या बाबतीत काळाने निर्णय त्यांच्या विरुद्ध दिला आहे. परंतु मत चुकणे हा नैतिक दोष नव्हे. कसोटीचा प्रसंग वेगळाच होता.

जुलै १९३७ मध्ये 'नाइट अँड डे' हे साप्ताहिक लंडनमध्ये सुरू झाले. ग्रीन त्याच्या संपादकांपैकी एक होते, आणि चित्रपटांचे सदरही त्यांच्याकडेच होते. पुस्तकांवर ईव्हलिन वॉ लिहीत, नाटकांवर एलिझाबेथ बोवेन. त्या वर्षी 'वी विली विंकी' हा हॉलिवूडचा चित्रपट लंडनला आला. त्याचे मूळ किपलिंगच्या एका कथेत होते, आणि ती कथा १८८८ साली अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर यांच्या रेल्वे ग्रंथमालेत प्रथम पुस्तकरूपाने निघाली होती. कथेतील छोटा नायक मुलगा होता. चित्रपटात त्याची मुलगी झाली, कारण नऊ वर्षांची शर्ली टेम्पल ही त्या वेळी अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय तारका होती. वायव्य सरहद्द कॅलिफोर्नियातच उभारण्यात आली आणि दिग्दर्शन जॉन फोर्ड यांनी केले. २८ ऑक्टोबर १९३७ च्या अंकात ग्रीन यांनी लिहिलेल्या परीक्षणाचा आशय असा होता की, निरागसतेच्या आवरणाखाली हा स्टुडिओ प्रौढ प्रेक्षकांना दुसरेच काही विकत आहे, आणि हे त्या प्रेक्षकांना मनातून कळते आहे.

त्या मुलीच्या वतीने आणि 'ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स'च्या वतीने अब्रुनुकसानीचा दावा दाखल झाला. २२ मार्च १९३८ रोजी लंडनच्या न्यायालयात लॉर्ड चीफ जस्टिस ह्यूअर्ट यांच्यापुढे तो निघाला. बचावपक्षाने क्षमायाचना केली, आणि प्रकरण एकूण ३,५०० पौंडांच्या भरपाईवर मिटले. त्यांपैकी ५०० पौंड ग्रीन यांनी स्वतः द्यायचे होते. साप्ताहिक तत्पूर्वीच, डिसेंबर १९३७ मध्ये, बंद पडले होते. ग्रीन त्या दिवशी न्यायालयात नव्हते. ते मेक्सिकोत होते. खटला टाळण्यासाठी ते पळाले ही दंतकथा चविष्ट असली, तरी तेथील कॅथलिकांच्या छळाविषयी पुस्तक लिहिण्यासाठी त्या प्रवासाची योजना आधीपासूनच चाललेली होती.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. बलाढ्य कंपनीने एका निर्भीड लेखकाचा आवाज दडपला ही पहिली. एका बुद्धिमान माणसाने नऊ वर्षांच्या मुलीची बदनामी केली ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. न्यायालयात परीक्षणातील आरोपाच्या खरेखोटेपणाची चर्चा झालीच नाही. मत खरे आहे काय, हे कोणी विचारलेच नाही. आणि ज्याला ते परीक्षण आज वाचायला मिळते त्याच्या ध्यानात येते की, ग्रीन यांची दृष्टी चुकली नव्हती, वाक्याचा कर्ता चुकला होता. पोशाख ठरवणारे, कॅमेरा लावणारे, पटकथा लिहिणारे, नफा मोजणारे सगळे प्रौढ होते. परीक्षणातील क्रियापदे मात्र त्या मुलीला जोडलेली आहेत. जे तिच्याकडून करवून घेतले गेले ते ती करते आहे, अशी ती वाक्यरचना. कंपनी उत्तर देऊ शकत होती, आणि तिने वकिलांमार्फत ते दिलेही. जिला उत्तर देता येणे शक्य नव्हते, तिच्या खांद्यावर बंदूक ठेवून ती झाडली गेली.

हा दोष लहान नाही, आणि तो कादंबरीकाराच्या हातून व्हावा हे अधिक खटकते. पात्राचे कृत्य आणि त्या पात्राला तसे वागायला लावणारी परिस्थिती यांतला फरक ओळखणे हाच तर त्याचा धंदा. 'ब्रायटन रॉक'मधला सतरा वर्षांचा गुन्हेगार पिंकी याच्या बाबतीत ग्रीन यांनी हा फरक पानोपानी राखला. आठवड्याच्या परीक्षणात तो राखण्याइतका अवधी त्यांना नव्हता, किंवा विनोदाच्या भरात त्यांनी तो घेतला नाही.

शर्ली टेम्पल यांचे 'चाइल्ड स्टार' हे आत्मचरित्र १९८८ साली प्रसिद्ध झाले. दरम्यान त्यांनी घाना येथे अमेरिकेच्या राजदूत म्हणून काम केले होते, आणि पुढे १९८९ साली त्या चेकोस्लोव्हाकियातही राजदूत झाल्या. चित्रपटधंद्यातील काही प्रौढ पुरुषांच्या वर्तनाविषयी या आत्मचरित्रात जे आले आहे, आणि बालपणीच्या प्रचंड कमाईपैकी किती अल्प रक्कम आपल्या हाती उरली याचा जो हिशेब त्यांनी मांडला आहे, त्यावरून १९३७ साली ग्रीन यांना पडद्यावर जे जाणवले ते निव्वळ त्यांच्या डोक्यातून आलेले नव्हते, एवढे तरी म्हणता येते. त्याने पूर्वीच्या वाक्याचा कर्ता मात्र बदलत नाही.

एक लहानशी गोष्ट या प्रकरणात सहसा सांगितली जात नाही. ग्रीन यांच्या 'स्टॅम्बूल ट्रेन' (१९३२) या कादंबरीवर १९३४ साली 'ओरिएंट एक्स्प्रेस' हा चित्रपट निघाला होता, आणि तो काढणारी कंपनी फॉक्सच होती. 'ट्वेंटिएथ सेंच्युरी'शी तिचे एकीकरण व्हायचे होते इतकेच. ज्या घराचे पैसे घेतले त्या घरावर टीका करताना त्यांचा हात अडखळला नाही. स्वातंत्र्याचा हा एक अर्थ झाला, आणि तो हलका नाही. कारण उलट उदाहरणे कोणत्याही भाषेत पैशाला पासरी मिळतील.

परंतु हाच अर्थ पुरेसा आहे असे मानले तर पुढचे प्रकरण समजत नाही. ब्रिटिश चित्रपटसृष्टीचे त्या काळचे अनभिषिक्त सम्राट अलेक्झांडर कोर्डा यांच्या भपकेबाज निर्मितींवर ग्रीन यांनी वारंवार कोरडे ओढले होते. कोर्डांनी या टीकाकाराला भेटायला बोलावले आणि काम देऊ केले. ग्रीन यांनी ते स्वीकारले. गॉल्सवर्दींच्या एका कथेवरून '२१ डेज' ची पटकथा तयार झाली. व्हिव्हिएन ली आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्यात भूमिका केल्या. १९३७ साली चित्रित झालेला हा चित्रपट १९४० साली कसाबसा लोकांपुढे आला, तेव्हा ग्रीन 'स्पेक्टेटर'मध्ये लिहीतच होते. त्यांनी आपल्याच चित्रपटाचे परीक्षण केले. ते वाईट होते; आणि त्या वाईटपणात आपला वाटा किती, हेही त्यांनी वाचकापासून लपवले नाही.

येथे शंका घेता येते. ज्याला टीकेने विकत घेता आले नाही त्याला नोकरीने विकत घेतले, असे कोर्डांच्या बाजूने म्हणता येईल. आणि आधी मोबदला घेऊन मग निंदा करणे ही दुहेरी कमाई झाली, असे ग्रीन यांच्या विरुद्ध म्हणता येईल. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. तरीही त्या लहानशा परीक्षणात जे घडले ते क्वचितच घडते: मत देणाऱ्याने आपले हितसंबंध वाचकाच्या पुढ्यात ठेवले आणि मग मत दिले. हितसंबंध नसणे ही लेखकाच्या हातची गोष्ट नाही. ते दिसू देणे मात्र त्याच्याच हातात असते. भारतीय लेखकही याच काळात स्टुडिओंच्या दाराशी पोहोचले होते. प्रेमचंद १९३४ साली मुंबईला 'अजंठा सिनेटोन'मध्ये आले, 'मजदूर' लिहून सेन्सॉरच्या कात्रीचा अनुभव घेऊन पुढच्याच वर्षी बनारसला परतले, आणि चित्रपट व साहित्य यांच्यातील अंतराविषयी कडवटपणे लिहिते झाले. त्यांच्या त्या मताला वजन आहे, कारण ते आतून बाहेर आलेल्याचे आहे. वि. स. खांडेकरांनी 'छाया' (१९३६) पासून मास्टर विनायकांसाठी कथा लिहिल्या, आणि त्याच वेळी कादंबऱ्यांबरोबर साहित्यविचारही लिहिला. कादंबरीकार आणि चित्रपट यांच्यामध्ये निर्मळ अंतर कोठेच नव्हते.

कॅरल रीड या तरुण दिग्दर्शकाची 'स्पेक्टेटर'मध्ये आरंभीच ज्यांनी दखल घेतली आणि त्याच्याविषयी आशा व्यक्त केली त्यांत ग्रीन होते. दहा-बारा वर्षांनी याच रीड यांच्यासाठी, आणि कोर्डांच्याच संस्थेत, त्यांनी 'द फॉलन आयडॉल' (१९४८) आणि 'द थर्ड मॅन' (१९४९) लिहिले. जुन्या स्तुतीचे हे फळ, असे म्हणणारा म्हणेल. पण 'द थर्ड मॅन'च्या शेवटाविषयी दोघांत मतभेद झाला: ग्रीन यांना नायक-नायिकेने एकत्र यावे असे वाटत होते, रीड यांना ती त्याच्याजवळून न पाहता निघून जावी असे वाटत होते. रीड यांचे ऐकले गेले. पुढे पुस्तकाच्या प्रस्तावनेत रीडच बरोबर होते असे ग्रीन यांनी लिहून ठेवले. एवढे मोकळेपणाने हार मानणारे परीक्षक फार थोडे.

याच्या उलट बाजूला जॉर्ज ऑर्वेल उभे दिसतात. परीक्षणे लिहून पोट भरणाऱ्या लेखकाची अवकळा त्यांनी १९४६ च्या एका निबंधात निर्दयपणे रंगवली आणि बहुतेक पुस्तकांविषयी काहीच न लिहिणे उत्तम, असा सल्ला दिला. पण तेच ऑर्वेल १९४८ साली ग्रीन यांच्या 'द हार्ट ऑफ द मॅटर'वर 'न्यूयॉर्कर'मध्ये तुटून पडले. नरकावर खरोखर विश्वास असलेला माणूस दोन स्त्रियांची मने दुखावू नयेत म्हणून तेथे जायला तयार होईल, हे त्यांना पटले नाही. हे एका कादंबरीकाराने दुसऱ्याला दिलेले खरे उत्तर आहे, कारण त्यात मोजमाप शैलीचे नाही, माणसाच्या शक्यतेचे आहे.

१९५५ च्या नाताळात 'संडे टाइम्स'ने वर्षातील उत्तम पुस्तके निवडायला सांगितली तेव्हा ग्रीन यांच्या तीन नावांत पॅरिसच्या ऑलिंपिया प्रेसने काढलेली 'लोलिता' होती. इंग्लंडमध्ये ती कोणाला ठाऊक नव्हती. 'संडे एक्स्प्रेस'चे जॉन गॉर्डन यांनी पुस्तकावर आणि निवडीवर आग पाखडली. ग्रीन यांनी त्यांच्या नावाने एक उपहासात्मक मंडळ काढले. वाद वाढला, आणि नाबोकोव्ह यांची कादंबरी १९५८ साली अमेरिकेत व १९५९ साली इंग्लंडमध्ये प्रकाशित झाली. १९३७ आणि १९५५ यांमध्ये विसंगती पाहणारे पाहतात. ती तशी नाही. 'लोलिता'तील निवेदक आपल्या अपराधाला शब्दांची आरास करतो आणि त्या आराशीतून त्याचे क्रौर्य ओळखण्याचे काम वाचकावर टाकलेले आहे. जे परीक्षणाच्या चार परिच्छेदांत ग्रीन यांना साधले नव्हते, ते नाबोकोव्ह यांनी तीनशे पानांत साधले होते: दोष मुलीवर ढकलणारा आवाजच तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

निंदेपेक्षा स्तुतीची जबाबदारी मोठी असते, हे मात्र या वादांत झाकले जाते. १९३४–३५ च्या सुमारास म्हैसूरच्या एका तरुणाचे हस्तलिखित लंडनच्या प्रकाशकांकडून परत येत होते. ऑक्सफर्डमधल्या मित्राला त्याने कळवले की, ते दगड बांधून टेम्स नदीत सोडून दे. मित्राने ते त्याच गावात राहणाऱ्या ग्रीन यांच्याकडे नेले. 'स्वामी अँड फ्रेंड्स' १९३५ साली हॅमिश हॅमिल्टनने प्रसिद्ध केले. लेखकाचे लांबलचक नाव ग्रीन यांच्या सूचनेवरून आर. के. नारायण असे आखूड झाले. 'द बॅचलर ऑफ आर्ट्स'ला (१९३७) त्यांनी प्रस्तावना लिहिली, पुढील पुस्तकांच्या इंग्रजीवर हात फिरवला, आणि १९४५ साली 'द इंग्लिश टीचर' काढणाऱ्या आयर अँड स्पॉटिसवुड या संस्थेचे ते स्वतः एक संचालक होते. तटस्थतेच्या कोणत्याही नियमात हे बसत नाही. प्रत्यक्ष भेट मात्र वीस वर्षे झाली नव्हती; स्नेह होता तो हस्तलिखिताशी.

या कथेचा आनंद घेताना एक गोष्ट सलत राहते. त्याच १९३५ साली मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' ई. एम. फॉर्स्टर यांच्या प्रस्तावनेचा आधार मिळाल्यावर निघाली. दोन भारतीय कादंबरीकारांच्या दाराची किल्ली दोन इंग्रज कादंबरीकारांच्या खिशात होती. आणि कन्नड, मराठी, बंगाली, मलयाळम लिहिणाऱ्यांसाठी तर ते दारच नव्हते. ग्रीन यांचा त्यात अपराध नाही. पण एका माणसाच्या रुचीवर जेव्हा एक अख्खी वाङ्मयीन कारकीर्द टांगलेली असते, तेव्हा त्या रुचीने नाकारलेल्यांची यादी कोणाकडेच नसते, आणि कोणते मालगुडी टेम्सच्या तळाशी गेले याचा शोध लागत नाही.

१९५६ साली अमेरिकेला जाताना नारायणांनी लंडनमध्ये ग्रीन यांना मनात घोळणारी एक गोष्ट सांगितली: एक लबाड वाटाड्या, जो अपघाताने साधू ठरतो आणि पावसासाठी उपोषणाला बसतो. शेवटी त्याला जिवंत ठेवावे की मारावे, याविषयी नारायण साशंक होते. तो मेलाच पाहिजे, असे ग्रीन यांनी ठामपणे सांगितले. प्रवासाच्या रोजनिशीत नारायणांनी हे नोंदवले आहे. 'द गाइड' १९५८ साली निघाली आणि तिला १९६० चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. तिच्या शेवटच्या पानावर राजू नदीत उभा आहे, दूर डोंगरात पाऊस येतो आहे असे त्याला वाटते, आणि तो खचतो. तो मेला की नाही, पाऊस आला की नाही, हे नारायणांनी सांगितलेले नाही. मित्राचे मत त्यांनी ऐकून घेतले, आणि त्यातले आपल्याला हवे तेवढेच ठेवले.

१९६५ च्या हिंदी चित्रपटात राजूचा मृत्यू निःसंदिग्ध आहे, आणि पाऊस धो धो कोसळतो. मालगुडीचे लहान गाव जाऊन तेथे राजस्थानातील राजवाडे आले होते. कादंबरीकाराने आपले मत एका उपरोधपूर्ण लेखात अमेरिकन नियतकालिकातून सांगितले. त्याने चित्रपटाच्या यशात काही फरक पडला नाही. पुढे 'फिल्मफेअर' पारितोषिके जाहीर झाली तेव्हा सर्वोत्कृष्ट कथेचे पारितोषिक आर. के. नारायण यांना मिळाले.